चिकातला मोतीबिंदू

"मोतीबिंदू पिकू द्या, मग आणा." उस्मानाबादेत डोळ्यांचा दवाखाना थाटला तेव्हा हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो. बेंबळीचा एक शेतकरी दोन वर्षांची लेक घेऊन आला. तिच्या दोन्ही बाहुल्या दुधाळ होत्या. त्यालाही मी तेच ठोकून दिलं.

"कवा पिकंल?" त्यानं विचारलं.

"सबूर करा," मी म्हणालो. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं.

त्या प्रश्नानं माझा पिच्छा पुरवला. पुस्तकं चाळली, पण डोक्यात शिरेना. पुढच्या हिवाळ्यात ओळखीतल्या एकाच्या शेतावर हुरडा खायला गेलो. कोवळं कणीस हातात घेतलं, तर एक दाणा नखाखाली फुटला आणि पांढरा चीक बोटावर आला. खायचं सोडून मी दाणेच दाबत बसलो. म्हाताऱ्याचा मोतीबिंदू म्हणजे वाळलेली ज्वारी. अख्खा दाणा उचलून काढायचा. लेकराचा असतो चिकात. तो कशाला पिकेल? सुईनं टोचला, की चीक हळूहळू आपोआप विरून जाईल. पुस्तकात हे होतंच, मला कळलं ते शेकोटीपाशी. आणि तेव्हाच पुस्तकातलं दुसरंही कळलं. लहानपणी ज्या डोळ्याला दिसत नाही, तो पुढं बघायला शिकतच नाही. स्वतःचाच असा राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं बेंबळी गाठली. बाप चकित झाला.

"अजून पिकला न्हाय की, डाक्टर!"

"पिकू द्यायचाच नाही."

ऑपरेशननंतर डोकं हलू नये म्हणून मोठ्या माणसांना आम्ही डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवायचो. हिनं तासाभरात दोन्ही भिरकावल्या. मग आईलाच खाटेवर झोपवलं आणि पोरगी तिच्या कुशीत दिली. दोन्ही डोळ्यांत सुई पुन्हा एकदा घालावी लागली. जाड भिंगांच्या चष्म्याला काड्यांऐवजी नाडी बांधली, आणि डोळा वाढेल तसा नंबर बदलत राहिलो.

वर्षभरानं ती माझ्या टेबलावरची दौत ओळखायची, टाचण्यांची डबी ओळखायची. टाचणी मात्र दिसायची नाही.

"पयल्यांदा आणली तवाच केलं असतं तर?" बापानं विचारलं.

"जास्त दिसलं असतं. चूक माझी."

त्यानं लेकीच्या चष्म्याची नाडी सारखी केली. मग म्हणाला, "तवा तुमीबी कुठं पिकला व्हता, डाक्टर."