गोलात दाजी

चार माणसं एका चेंडूमागं धावायला लागली की किस्से आपोआप साठतात. आमच्या साखर कारखान्याच्या संघात तर चेंडूपेक्षा संशयच जास्त फिरायचा, त्यामुळं आमच्याकडं साठा जरा मोठा आहे. मी टाइम ऑफिसात कारकून आणि संघाचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे हाफटाइमला लिंबू-मीठ वाटणारा!

फलटण तालुक्यातला कारखाना. खेळाडू बहुतेक पलटणीतून रिटायर होऊन आलेले, फुटबॉलही तिथंच शिकलेले. कॅप्टन होते सुभेदार हिंदुराव. नोकरीत ते आमच्या सिक्युरिटीचे प्रमुख. सकाळी कामावर येताना गेटवर स्वतःच्या सायकलचीही झडती द्यायचे, अशी त्यांची ख्याती.

बहात्तरचा दुष्काळ सरून एखादं वर्ष झालं असेल. आम्ही पहिल्यांदाच कपाच्या फायनलला पोचलो. मॅच साताऱ्यात, समोर विट्याचा संघ. ही पोरं सोनं गाळायच्या धंद्यापायी कलकत्त्याला राहिलेली, तिथल्या मैदानांवर फुटबॉल शिकून आलेली. आणि आमचा गोलकीपर दिनकर हा विट्याचा जावई! एवढंच नाही, विट्याचा मुख्य फॉरवर्ड संपत हा दिनकरचा सख्खा मेहुणा.

हे कळलं त्या दिवशी हिंदुराव मला म्हणाले, "मॅनेजर, जी माणसं सोन्यातली भेसळ वळखत्यात, त्यांना आपल्या संघातली भेसळ दिसली नसंल व्हय?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

*

फायनलचा चेंडू आधी आमच्याकडं आला. हिंदुरावांनी तो हातात तोलला. "हलका वाटतोय. विट्याकडनं आलाय का?"

"न्हाई वो, साताऱ्यातनं," मी म्हणालो.

"मग साताऱ्यात कुणी हात लावला?"

शेवटी चेंडू उसाच्या वजनकाट्यावर ठेवला. उसानं भरलेला ट्रक तोलणारा काटा तो, चेंडूनं कशाला हलतोय! हिंदुराव विजयी मुद्रेनं म्हणाले, "बगा! वजनच न्हाई!"

शेजारी बैलगाडीवर बसलेला शेतकरी तंबाखू मळत म्हणाला, "सुभेदार, आमच्या उसाचं बी ह्यो काटा असंच करतोय."

*

मग विट्याची प्रॅक्टिस बघायला मला गुपचूप पाठवलं. दहिवडीच्या स्टँडवर एसटी बदलायची होती. बाकड्यावर एक गृहस्थ भजी खात बसले होते. बोलता बोलता कळलं की ते विट्याच्या संघाचे मॅनेजर, आमची प्रॅक्टिस बघायला निघालेले!

दोघांनीही विचार केला, एवढ्या उन्हात पुढं कशाला जायचं? मी विचारलं, "तुमच्याकडं काय चाललंय?"

"काय न्हाई. संपतवर समद्यांचा डोळा. दाजी समोर हाय, पोरगं दमानं मारणार म्हणत्यात. तुमच्याकडं?"

"तेच."

एकमेकांना चहा पाजला आणि दोघंही आपापल्या गावाला परतलो. हिंदुरावांनी माझा रिपोर्ट शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "लय लवकर आलास."

*

फायनलच्या आठवड्यात दिनकरच्या सासऱ्यांनी पेढे पाठवले. दिनकरनं पुडा भाबडेपणानं मैदानावर आणला. हिंदुरावांनी तो जप्त केला.

आमचा बॅक शंकर पैलवान पुढं झाला. "कॅप्टन, मी खाऊन बगतो. संघासाठी एवढं तरी करायला पायजे."

त्यानं एक खाल्ला. आम्ही त्याच्याकडं बघत बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "नक्की कळंना." दुसरा खाल्ला. पुडा संपला तरी त्याला नक्की काही कळलं नाही!

दिनकर मात्र तिथून उठून गेला. त्याला मुलगा झाला होता, त्याचे ते पेढे होते. आम्हाला कुणालाच विचारायचं सुचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

*

मॅचच्या आदल्या दिवशी हिंदुरावांनी संघाला देवळात नेलं. तळीत बेल आणि भंडारा मांडला. आमच्याकडं बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द, त्यापुढं पोलीस नाही की कोर्ट नाही.

"दिनकर, उचल. गोल सोडणार न्हाई म्हण."

दिनकर पुढं झाला. बेल उचलला, भंडारा कपाळाला लावला. मग वळून म्हणाला, "जान असंतवर सोडणार न्हाई. आता तुमी उचला. समद्यांनी. म्या एकट्यानंच का?"

शंकर पैलवानाला अचानक खोकला आला. लेफ्ट-आउट चपला शोधायला बाहेर गेला. हिंदुराव म्हणाले, "आमच्यावर कुणाचा संशय हाय का? मग कशाला?"

परतताना दिनकर माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "सायेब, कप जाऊ द्या. उद्या माझ्या हातनं गोल सुटला तर घरात बायको इचारणार, मैदानात तुमी इचारणार. पोरगं मोठं झालं की त्येबी इचारंल. मला सरळ तोंडानं फिरायचंय वो."

मी "काय होत नाही रं" म्हणालो. खरं सांगायचं तर रात्रभर माझ्याही मनात तेच घोळत होतं.

*

साताऱ्यात मैदान फुल! दोन्हीकडची माणसं ट्रक भरभरून आलेली. मॅच सुरू व्हायच्या आधी संपत पळत आला आणि रिवाजाप्रमाणं दिनकरच्या पाया पडला. आमची पब्लिक ओरडली, "सौदा झाला!" विट्याचीही तेच ओरडली!

मग दिनकर असा काही खेळला की बोलायची सोय नाही. संपतनं डाव्यानं मारला, उजव्यानं मारला, डोक्यानं मारला. दिनकरनं एकही आत जाऊ दिला नाही. आणि प्रत्येक वेळी हिंदुराव पुटपुटायचे, "मुद्दाम हातात मारतोय. शेवटाला बगा."

शेवट आला. शून्य-शून्य. आमच्या गोलापुढं गर्दी झाली आणि शिट्टी वाजली. पेनल्टी! चेंडूला हात लागला होता खुद्द हिंदुरावांचाच.

संपतनं चेंडू ठेवला. समोर दाजी. हिंदुराव गोलापाशी गेले आणि दिनकरच्या कानाशी काहीतरी बोलले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही, दिनकरचा चेहरा तेवढा दिसला.

त्यानं रेफरीला हात केला. हातमोजे काढले, अंगातली गोलकीपरची जर्सी काढली आणि सगळं हिंदुरावांच्या हातात दिलं. "कॅप्टन, तुमीच हुबं ऱ्हावा."

रेफरीनं मान हलवली. नियमात बसत होतं. एवढ्या माणसांसमोर हिंदुरावांना नाही म्हणता येईना. जर्सी पोटावर ताणून ते गोलात उभे राहिले.

संपत धावत आला. चेंडू काही फार जोरात नव्हता. सरळ आला, हिंदुरावांच्या दोन पायांमधून गेला आणि जाळीत बसला.

विट्याची पब्लिक मैदानात घुसली. आम्ही सगळे हिंदुरावांकडं बघत होतो. हिंदुराव जाळीतल्या चेंडूकडं बघत होते.

दिनकर हळूच त्यांच्याजवळ गेला. चेंडू उचलून त्यांच्या हातात दिला आणि अगदी अदबीनं विचारलं, "कॅप्टन, तुमची सासुरवाडी कुठली वो?"