ते तिघं वार्ताहर

हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला काऊन सांगून राहिलो, तेही कळत नाही — पण आतल्या आत सडून राहिलंय, अन् मला माझीच घाण येते.

मी कोहमाऱ्याचा वार्ताहर. नाक्यावर तीन पेपर येतात. आधी तिन्हींचे मालक तीन होते, एकमेकांवर तुटून पडायचे. मग राइस मिलवाल्या एका शेठनं तिन्ही घेतले, वरून केबलचं चॅनलही. वार्ताहर उरला एक — मी. पण लोकांना तीन दिसले पाहिजेत ना? म्हणून सत्कार-उद्घाटनाच्या बातम्या माझ्या नावानं, अन् शेठनं सांगितलेल्या बातम्या तीन पेपरांत तीन बनावट नावांनी. मजकूर तोच, नुसते शब्द फिरवायचे. मोठा हुशार होतो बाप्पा मी त्यात!

चिचगडकडच्या एका गावात शेठला गिट्टीसाठी दगडाची खदान पाहिजे होती. फुलवंताबाई आडवी आली. मोहफुलं वेचणारी बाई, सरपंचकीला उभी, अन् गाव तिच्या मागं. मतदान चार दिवसांवर आलं होतं. शेठनं मोबाइलवर फोटो पाठवला — ग्रामसभेच्या रजिस्टरचं पान, त्यावर तिची सही. ती हजेरीची सही होती. मला कसं ठाऊक? मी स्वतः त्या सभेत बसलो होतो. खदान नाही म्हणजे नाही, असं ती ठणकावून बोलली, ते याच कानांनी ऐकलं होतं.

अन् लिहिलं काय? 'खदानीला गुपचूप संमती.' तीन पेपरांत, तीन तऱ्हेनं. एकात तर 'गावात संताप' असंही घातलं. कुठला संताप? मी घरी बसून चहा पिऊन राहिलो होतो. थू!

ती निवडणुकीत पडली. "एक पेपर खोटा बोलन, तिन्ही कायले बोलतीन?" — हे तिचा सख्खा भाऊ बोलला, भरचौकात. तेव्हापासून तो तिच्या दारात पाय ठेवत नाही.

आठ दिवसांनी ती माझ्याच घरी आली. "भाऊ, तुमी तं सभेत होते. हे तिघं कोन आहेत, मले दाखवून द्या. त्यायले इचारतो — मले कदी पाह्यलं तरी का तुमी?"

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. अन् म्हणालो — शोधतो.

परवा बाजारात तिनंच हाक मारली. भेटले का ते? मी नाही म्हणालो.

"जाऊ द्या भाऊ. तुमी तं शोधून राह्यले ना," म्हणाली. माझ्यासाठी मूठभर चारोळी पुडीत बांधून दिली.

पुडी मी घेतली. घरी आलो, अन् 'खदानीमुळे गावात आनंद' अशी बातमी तिन्ही नावांनी पाठवून दिली.