फुल बाह्यांचे शर्ट

नवऱ्याच्या बायपासनंतर वॉर्डात नुसती बसून असायची मी. शेजारच्या खाटेवर तिशीतला एक मुलगा होता. नशेच्या सुईतून जंतू रक्तात शिरले आणि थेट हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले, असं डॉक्टर म्हणाले होते. सलाईन लावायचं, तर सिस्टरला शीर सापडेना.

"तिथे नाही मिळणार, सिस्टर. अंगठ्याजवळ बघा, तिथे एक राहिलीय," तो ओशाळून म्हणाला.

स्वतःच्या हाताची इतकी बारीक ओळख आपल्यापैकी कुणाला असते? आणि ती अशी व्हावी!

त्याची आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "भर मे महिन्यातही फुल बाह्यांचे शर्ट घालायचा हो. मला वाटायचं, किती टापटिपीचा माझा मुलगा. कडक इस्त्री करून द्यायचे मी."

रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचं आपण नेमकं काय बघतो?

नंतर रोज सिस्टर येताना दिसली, की आई स्वतःच त्याची बाही वर दुमडायची. आणि भेटायला माणसं यायची वेळ झाली, की तीच बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावायची.