मंडळाच्या कॉम्प्युटरवर गणित

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर मराठी मंडळाची एक खोली आहे आणि त्या खोलीत प्लॅस्टिकखाली झाकलेला एक कॉम्प्युटर आहे. उद्घाटनाच्या दिवशी मंत्रालयातल्या कुणा बड्या साहेबांनी त्याचं बटण दाबलं, पडद्यावर मंडळाचं नाव देवनागरीत उमटलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्यानंतर त्याला हात लावला तो फक्त धूळ पुसायच्या फडक्याने. विद्यार्थ्यांसाठी आणलेला कॉम्प्युटर म्हणे! विद्यार्थी कुलपाच्या बाहेर आणि कॉम्प्युटर आत.

माझी धाकटी बहीण गणितात एम.एस्सी. करत होती. साथीचा रोग वस्तीत कसा पसरतो, याची समीकरणं हा तिचा प्रकल्प. ती समीकरणं कागदावर सुटत नाहीत, त्यांना सॉफ्टवेअर लागतं. विद्यापीठाच्या लॅबमधल्या महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलेलं, आणि ते पुन्हा घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. तिचे गाइड म्हणाले, "फ्रीवालं घरी टाकून घ्या." घरी! जसं काही सगळ्यांच्या घरात कॉम्प्युटर उगवतात. आमच्या घरी बाबांचा सरकारी लॅपटॉप, त्यात ऑफिसच्या परवानगीशिवाय काही म्हणजे काही टाकता येत नाही. आणि सोमवारी आलेख दाखवला नाही तर प्रकल्प रद्द, सत्र वाया.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी मंडळाच्या सचिवकाकांच्या दारात. काका आमच्यासारखेच विदर्भातले, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं, फाइल अडवायची सवय सुटली नाही.

"बेटा, मशीन नाजूक असतं. कार्यकारिणीला विचारावं लागेल."

"काका, ते मशीन आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नाही. आणि आपल्या बौद्ध घरांत तर देव्हाराही नसतो."

"तू ना, बोलतेस पण पत्रकासारखंच. तू दारोदार वाटलेल्या त्या पत्रकाने काय झालं सांग?"

"कामवाल्या बायकांना लिफ्ट सुरू झाली."

काकू आतून हसल्या. काकांनी किल्ली घेतली, पण बरोबर आले आणि आमच्या मागे खुर्ची टाकून बसले, परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखे.

बहिणीने सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. जगभरातल्या विद्यार्थ्यांसाठी, मोफत, सगळ्यांना खुलं, असं त्याच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. इन्स्टॉल करायला घेतलं. पट्टी सरकत सरकत जवळजवळ टोकाला गेली आणि लाल अक्षरांत त्रुटी आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बहिणीने तो इंग्रजी संदेश नीट वाचला आणि कपाळावर हात मारला.

"ताई, हे अकाउंट मंडळाच्या नावाचं आहे. त्या नावाचाच फोल्डर आत तयार झालाय, देवनागरीत. सॉफ्टवेअर तिथेच जाऊन बसतं, आणि त्याला ते नाव वाचताच येत नाही."

माझं डोकं फिरलं. जगासाठी म्हणवता आणि आमची लिपी समोर आली की तुमचा प्रोग्रॅम आडवा पडतो? कोट्यवधी माणसं जिच्यात लिहितात ती लिपी तुमच्या लेखी जगाबाहेरची? हे सगळं मी मोठ्याने बोलले. कॉम्प्युटरला काही फरक पडला नाही.

"काका, इंग्रजी नावाचं दुसरं अकाउंट करू या," बहीण म्हणाली.

"मंडळाचं नाव पुसायचं? बिल्कुल नाही."

"पुसायचं नाही. शेजारी आणखी एक."

काकांनी विचार केला. मग त्यांनी ते अकाउंट स्वतःच तयार केलं, एका बोटाने, आणि नाव दिलं मंडळाचंच: इंग्रजीत, पूर्ण, तीन शब्दांत, मध्ये ऐसपैस जागा सोडून. बहीण म्हणाली, "काका, जागा नको, ह्याला जागाही चालत नाही." काका म्हणाले, "नाव म्हणजे नाव. त्याला कात्री नाही लागणार." पुन्हा पट्टी सरकली. पुन्हा लाल अक्षरं.

मी उभी राहिले. "तुम्हाला मुलगी नापास झालेली चालेल, पाटी तिरकी झालेली चालणार नाही!"

"आवाज खाली," काका म्हणाले. "मुलगी आमचीही आहे."

"मग तिच्या हातात द्या ना की-बोर्ड!"

काका खुर्चीसकट मागे सरकले. बहिणीने तिसरं अकाउंट केलं, छोट्या इंग्रजी अक्षरांतला एकच शब्द, ganit, आणि या वेळी पट्टी शेवटपर्यंत गेली. दुपारपर्यंत तिची समीकरणं सुटत होती. पडद्यावर एक रेघ चढली, वाकली, उतरली. ती रेघ बघून बहीण इतकी हसली की मला माझा राग क्षणभर सापडेना.

काकांनी तो लगेच शोधून दिला. "छान. पण झालं की ते गणित-बिणित काढून टाक हं. जयंतीला पाहुणे येणार, कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर तीन-तीन नावं दिसली तर बरं नाही दिसत."

"हो काका, काढते," बहीण म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की मी तिला बाहेर ओढलं.

जिन्यावर मी सुरू झाले. विद्यार्थ्यांचा कॉम्प्युटर, पाहुण्यांची सोय, उद्या प्रत्येक दाराखालून पत्रक सरकवते, मथळाही सुचलाय. तिने माझा दंड धरला.

"ताई, पत्रक काढू नकोस. गाइड दुरुस्त्या सांगणारच. मला परत याच खोलीत यायचंय."

मी गप्प बसले. आयुष्यात इतके दिवस कधी गप्प बसले नव्हते. सोमवारी आलेख पास झाला, दुरुस्त्या निघाल्या, ती पुन्हापुन्हा किल्ली मागायला गेली, दर वेळी काकांना नमस्कार करून. आणि मी लिफ्टमध्ये काका भेटले की छताकडे बघत राहिले.

परवा तिची तोंडी परीक्षा झाली, ती उत्तीर्ण झाली. काल काकांनी ते ganit अकाउंट उडवलं आणि कॉम्प्युटरवर पुन्हा प्लॅस्टिक चढलं. तेव्हा आता मला गप्प राहायला कुणी सांगितलेलं नाही.