बिनदाराच्या घरातलं दार

माझं माहेर भिंगारचं. वडील कॅम्पात लष्करी भांडारात कारकून होते आणि त्यांचा जन्म कड्या-कुलपांत गेला. रात्री घराला कडी घातली तरी ते उठून पुन्हा ओढून बघत. अशा माणसाने आपली एकुलती एक मुलगी शनिशिंगणापुरात द्यावी, जिथे घराला दारच बसवत नाहीत, याला काय म्हणावं? देव राखण करतो हे ऐकून मात्र ते भलतेच खूश झाले होते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात मला काहीतरी झालं. सकाळी उठावंसं वाटेना. भाकरी थापता थापता हात थांबायचे आणि छाती उगाच धडधडायला लागायची. रडू यायचं, पण कशाचं ते मलाच ठाऊक नसायचं. आज त्याला नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा मला फक्त दार लावून पडून राहायचं होतं, आणि दार तर अख्ख्या गावात नव्हतं.

गाव मायाळू, तीच पंचाईत. चुलत सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि नजर काढून गेल्या. शेजारणीने नाडी बघून गोड बातमी जाहीर केली. ती खोटी ठरल्यावर माझ्यावरच रुसली. आणखी एकीने कानाशी लागून नवरा मारतो का विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. साडेसातीचं निदान तर सगळ्यांनीच केलं. साक्षात शनिदेव जिथे राहतात तिथल्या माणसाला दुसरं काही होणार तरी कसं? माझी रास तूळ, तिला साडेसाती नव्हती. पण एवढ्या बारीक गोष्टीसाठी कोण अडून बसतंय. नवऱ्याने मुकाट्याने देवाला तेल वाहिलं. नगरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि हिचं मन रमवा म्हणाले. मग मन रमवायलाही बायका येऊ लागल्या.

शेवटी मामंजी म्हणाले, हिला माहेरी पोचवा, बरी झाली की आणू. भिंगारला आमच्या गल्लीत अशीच एक ‘बरी झाली की आणू’ म्हणून आलेली होती. तिची ट्रंक वर्षानुवर्षं खाटेखाली भरलेलीच होती. मला जायचं नव्हतं, आणि राहायचं कसं तेही कळत नव्हतं.

संक्रांतीला वडील तिळगूळ घेऊन आले. त्यांना मी तेवढं म्हणाले, “आप्पा, मला दार लावून झोपायचंय.” सरकारी माणूस, मागणी आली की पुरवठा करणारा. पुढच्या आठवड्यात ते लिलावातलं एक हिरवं दार एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. सडकेपासून गावापर्यंत दार बैलगाडीत आणि मागून निम्मं गाव. वडिलांच्या कोटाच्या खिशात बिजागऱ्या खुळखुळत होत्या.

दार अंगणात उतरवलं. आमच्याकडे दार बसवणं म्हणजे देवाच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. वडील म्हणाले, दार बसवा, नाहीतर मुलीला घेऊन जातो. मामंजी म्हणाले, खुशाल न्या. मी चुलीपाशी उभी होते.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. इतके दिवस माझ्या दुखण्यावर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

“इवाई, दार काय लागायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आन् पोरगीबी जायची न्हाई. दार हितं ठिवा.”

त्यांनी उंबऱ्याबाहेर दगड मांडून त्यावर ते दार आडवं टाकायला लावलं. मग बाजरीचं सूप घेऊन त्यावर ठाण मांडलं. मामंजींना आत यायचं तर त्यांना वळसा घालून यावं लागलं. मला पाठवण्याची भाषा त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि वडील जड पायांनी एकटेच भिंगारला परतले.

त्या दिवसापासून कोणी आलं की सासूबाई म्हणायच्या, “निजलीया ती, बसा हितंच.” बायका बसायच्या. दार ऐसपैस होतं, गप्पाही तिथेच रंगायला लागल्या आणि मला बघायला आलो होतो हे त्या विसरूनही जायच्या. आत मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. माझ्याकडे कोणी बघत नाही, एवढ्यानेच छाती थोडी हलकी व्हायची. लगेच बरी झाले असं नाही. दुष्काळ आला, गेला, तेव्हा कुठे मी जरा माणसात आले. तोवर बाजरीत एक खडा उरला नव्हता, तरी सासूबाई निवडतच होत्या.

पुढे मामंजी गेले आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. जेवण नाही, बोलणं नाही. त्याच बायका, आता केस पिकलेल्या, मीठ-मोहऱ्या घेऊन निघाल्या. मी सूप घेतलं आणि दारावर जाऊन बसले. बसून बसून त्याचा हिरवा रंग पार गेला होता.

“निजल्यात त्या,” मी म्हणाले. “बसा इथंच.”

बायका उठून गेल्यावर आतून आवाज आला, “निजल्यात म्हून सांगतीस, पर मला झोप कुठं लागतीया?”

“मलाही तेव्हा लागत नव्हती, आत्याबाई.”

“ठावं हुतं,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे कूस वळवली.