कुत्रा दिसला का?

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रविवारी सकाळी मी आणि माझी मैत्रीण पंचवटीतून सायकली काढायचो आणि मखमलाबादच्या पुढे, भाजीच्या आणि झेंडूच्या मळ्यांमधून दरी गावाच्या दिशेने जायचो. घरी सांगायचो, व्यायाम. खरं कारण वाटेतलं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी, फरफरणारा स्टोव्ह आणि ते सगळं एकटीने चालवणारी एक बाई. तिला सगळे मावशी म्हणायचे, म्हणून आम्हीही. मुलींनी रस्त्यावरच्या हॉटेलात बसून चहा पिणं आमच्या दोघींच्याही घरी चाललं नसतं. त्यामुळे तो चहा फारच चांगला लागायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी मी बाकड्यावर बसले, पाय ताणले आणि माझी टाच कशावर तरी पडली. बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं केकाटलं आणि त्याने माझी पोटरी धरली. क्षणभरच. सलवार वर करून बघितलं तर दातांच्या दोन खोल खुणा आणि रक्त.

मावशी धावत आली. तिने तेलात कालवलेलं लाल तिखट जखमेत भरलं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"कुत्रं पिसाळलेलं नाही ना, मावशी?" मैत्रिणीने विचारलं. ती माझ्याहून पांढरी पडली होती.

"नाय गं. पाय पडला तिचा. पन दहा दिस ध्यान ठेवायचं त्याच्यावर. कुत्रं जितं राह्यलं तर काय भ्या नाय."

"आणि मेलं तर?"

मावशी तिखटाचा डबा घेऊन आत गेली.

कुत्रं तिचं नव्हतं. पिवळट, एक कान फाटलेलं, येईल तेव्हा यायचं.

घरी मी सांगितलं, पेडल लागलं. खरं सांगितलं असतं तर हॉटेल कळलं असतं आणि सायकल गेली असती. शिवाय पोटातली चौदा इंजेक्शनं. आमच्या शाळेतल्या एका मुलाला दिली होती, तो वाकून चालायचा. त्यापेक्षा दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवावी, असं मी ठरवलं. मैत्रीण म्हणाली, "मी नाही येणार गं. मला भीती वाटते." मग मी एकटीच जायला लागले. कॉलेज सुटलं की सायकल तिकडे.

दुसऱ्या दिवशी कुत्रं शेडच्या सावलीत पडलेलं होतं. मी बिस्किट टाकलं, त्याने खाल्लं. मला इतकं बरं वाटलं की मीही एक बिस्किट खाल्लं. तिसऱ्या दिवशी मात्र मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एक जाड वैद्यकीय पुस्तक काढलं. ते काढायला नको होतं. एकदा लक्षणं दिसली की इलाज नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. रोग्याला पाणी गिळता येत नाही, पाणी बघूनच घसा आवळतो, हेही होतं. तेव्हापासून मावशीने ग्लास पुढे केला की मी आधी थोडा वेळ चहाकडे बघत बसायची. मग छोटा घोट. तो घशातून खाली जाईपर्यंत श्वास धरून.

आणखी एक भीती तिथे बसल्यावर सुरू झाली. रविवारी सकाळी तिथे मळेकरी असत, पोरीबाळी म्हणून दुसऱ्या बाकड्यावर सरकत. आठवड्यात दुपारी टेम्पोवाले असत. एकटी मुलगी रोज येते, चहा घेते, इकडेतिकडे बघते. एकाने विचारलंच, "कोनाची वाट बघता मॅडम?"

"तुला काय करायचंय?" मावशी आतून ओरडली. "चहा पी नि नीघ."

तो हसत उठला, पण टेम्पो सुरू करून तसाच थांबून राहिला. तो निघून जाईपर्यंत मी सायकलला हात लावला नाही. त्या दिवशी घरापर्यंत मागे येणारी प्रत्येक गाडी मला त्याचीच वाटत होती.

सहाव्या दिवशी कुत्र्याने बिस्किट हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्याच्या जबड्याला ओल होती. ती लाळ होती की नुकतंच प्यायलेलं पाणी, ते मला ठरवता येईना. मी मावशीला दाखवलं. तीही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "उद्या ये लवकर."

सातव्या दिवशी मी सकाळचे तास बुडवून गेले. मावशी रस्त्यावरच उभी होती.

"कालधरनं दिसलं नाय पोरी. मी मळ्यात बी बघून आले."

आम्ही दोघींनी पाटाच्या कडेने, कोबीच्या वाफ्यांतून, झेंडूच्या शेतामागे शोधलं. हाक कशी मारणार? त्याला नावच नव्हतं. मी नुसती "यू यू" करत फिरत होते आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. शेवटी मावशीने माझा दंड धरला. "घरी सांग आता. माझी शपथ हाय तुला."

घरी पोचले तर बाबा दारातच. भरदुपारी ते ऑफिसातून घरी कधीच येत नसत. सरकारी कचेरीत कारकून होते, रजा मोजून घेणारे. आई मागे उभी, डोळे सुजलेले. आमचा दूधवाला त्याच बाजूचा होता. तुमच्या ताई रोज एकट्या हॉटेलात बसलेल्या असतात, असं तो सकाळी आईला सांगून गेला होता.

"कोण आहे तो?" बाबांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"रोज कुणाला भेटायला जातेस? नाव सांग त्याचं."

"कुत्रा आहे, बाबा," मी म्हणाले. ते हात उगारतील असं वाटलं, म्हणून मी घाईने सलवार पोटरीपर्यंत वर केली. "इथे चावला. आता सापडत नाहीये."

बाबांनी खाली बसून जखम बघितली. किती दिवस झाले, एवढंच विचारलं. मी सात म्हटल्यावर ते उठले आणि थेट बाहेर गेले. स्कूटरची किल्ली त्यांना लावता येईना, मी लावून दिली.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आम्हाला खूप बोलले, पण त्याच दुपारी पहिली सुई दिली. नंतर रोज एक. बाबा रोज बरोबर यायचे, आणि रोज ऑफिसला जायच्या आधी स्कूटर घेऊन कुठेतरी जायचे. कुठे ते मला माहीत होतं. परत आले की आई विचारायची, "दिसला का?" ते नाही म्हणून मान हलवायचे.

दहावी सुई झाली त्या दिवशी बाबा आत आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "कुत्रा दिसला. ठणठणीत आहे. कोबीच्या मळ्यात पळत होता."

"कान?" मी विचारलं.

"फाटलेलाच. मी जवळून बघितला."

आई देवापाशी जाऊन बसली. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. सुया मात्र पुऱ्या करायच्याच, असं बाबा म्हणाले, पण उरलेल्यांचं काही वाटलं नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर मी आणि मैत्रीण पुन्हा त्या रस्त्याला गेलो. सायकल घरच्यांनी काढून घेतली नव्हती. मावशीने मला जवळ घेतलं, पोटरी बघितली.

"कुत्रं कुठाय, मावशी?"

"ते? ते नाय आलं परत. तुझ्या वडलांना मी एक दुसरं दावलं व्हतं, तसंच पिवळं. म्हनलं, तेवढाच जिवाला इसावा. त्यांनी बघितलं नि म्हनले, हा नाही. मग बसले, चहा घेतला. लय वेळ बसले. अजून येत्यात मधून मधून. आले की तेच इचारत्यात."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी चहा घेतला की नाही, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की घरी आल्यावर बाबा पेपर वाचत बसले होते आणि त्यांनी विचारलं, "कुठे जाऊन आलीस?"

"गंगेवर, घाटावर बसलो होतो," मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.