आरशावरचं बोट

वळसंगकर सरांची मला किळस यायची, आणि ती लपवावी लागते याची त्याहून जास्त. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा हंगामी प्राध्यापक. डबा खायचे प्रयोगशाळेतच, उपकरणांच्या टेबलावर. कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणीवर तेल ओतायचं, बोटं चोखायची आणि त्याच बोटांनी समोर दिसेल ते उपकरण चाचपायचं. कुणी पाहिलंच तर म्हणायचे, "हात लावल्याशिवाय यंत्र कळत नाही हो, पवार."

पंचाहत्तरच्या सुमारास आमच्याकडे लेसर आला. दोन आरसे, मध्ये वायूची नळी. आरशांमध्ये उजेड सारखा मागे-पुढे धावतो आणि नळीतल्या अणूंना डिवचत राहतो. प्रत्येक फेरीत त्यातला थोडा उजेड गळतो. ही गळती वाढवली की डिवचलेले अणू किती लवकर शांत होतात, ते मला मोजायचं होतं. पण गळती जरा जास्त झाली तर लेसर पेटतच नाही. बोटाचा डागही गळती वाढवतो, म्हणून आरशाला बोट लावायचं नाही, असा नियम. तो मनापासून पाळायचे फक्त शिपाई बिराजदारमामा, अक्कलकोटकडचे. झाडू मारण्याआधी ते आरशांवर खोकं झाकायचे.

खंडेनवमीला सरांनी उपकरणांची पूजा केली. नुकतेच जेवून उठले होते, हातही धुतला नव्हता. तेच तेलकट बोट कुंकवात बुडवून दोन्ही आरशांवर टेकवलं.

मामा म्हणाले, "सर, आरशाला नगं की."

सरांनी हसत लेसरचं बटण दाबलं. लेसर पेटला नाही. "पुसून टाका पवार, त्यात काय," ते म्हणाले. जोरात पुसलं तर आरशावरचा मुलामा निघणार आणि आरसा कायमचा वाया जाणार, हे मला ठाऊक होतं. पण माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्यांच्या सहीसाठी अडला होता. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि पुसलं. मुलामा निघाला.

प्राचार्यांनी चौकशी केली तेव्हा सर दात कोरत म्हणाले, "शिपायानं फडकं मारलं."

मामा माझ्याकडे वळले. "पवार सर, तुमी हुता की तितं. सांगा की."

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

मामांना काढून टाकलं. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शांत झालो.

महिन्याभरात सरांनी तो कागद माझ्या हातात ठेवला. सहीशेजारी तेलाचं बोट उमटलेलं होतं. सर गेले तेव्हा शोकसभेत मी बोललो, बरंच चांगलं बोललो. कागद अजून फाइलीत आहे, डागासकट. आज पेन्शन खातो, ती त्याच कागदावर.